तांब्या कुठल्या हातात होता

१२ जानेवारी, सोमवार

सायलीच्या सिनेमाचं ट्रेलर आलं. ह्यांनी मोबाइल नाकासमोर धरला. "बघ, बघ, आपली लेक." मिठागर, होडी, भांडण, ढोल. मधेच लग्नाआधीच्या न्हाणाचा प्रसंग. नवरी पाठमोरी बसलेली, पाठ उघडी, कुणी बाई वरून तांब्याने पाणी घालते आहे. दोन-तीन सेकंद. तेवढ्या वेळात हे खिडकीबाहेर बघायला लागले.

मी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तीळ आहे, पण उजव्या खांद्याच्या हाडाखाली. सा.चा डाव्या बाजूला आहे. जन्मापासून.

लगेच फोन केला.

"ती मी नाही, आई. डुप्लिकेट आहे."

"मला कळलंच. तीळ चुकीच्या बाजूला आहे."

मग हसली. "तू तीळ बघितलास?"

मॉडेलिंग सोडून सिनेमात जाते म्हणाली तेव्हा माझी एकच अट होती. काय नेसावं, काय नेसू नये ही नव्हे, ती अक्कल तिला आहे. अट ही की जे करशील ते आधी मला सांग. बाहेरून कळायला नको. "कबूल," म्हणाली होती.

म्हणजे अट पाळली. झोप लागेल.


१७ जानेवारी, शनिवार

वैद्य वहिनींकडे हळदीकुंकू. वरच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे सगळ्या इमारतीची खबर आधी त्यांच्याकडे. वाण प्लास्टिकचं. मी आत शिरले आणि बायका एकदम उखाण्यांवर बोलायला लागल्या. म्हणजे आधी विषय दुसरा होता.

शेवटी वहिनींनीच काढला. "सायली धीट झाली हो आता! आम्हांला बाई लग्नातसुद्धा मागे बटणं लावून घेताना लाज वाटायची."

मी सरळ सांगितलं. ती सायली नाही. तीळ उजवीकडे आहे, आमचा डावीकडे. ज्यांना शंका असेल त्यांनी पुन्हा बघावं.

"संक्रांत आहे, तिळाचीच चर्चा हवी," वहिनी म्हणाल्या. हशा. मीही हसले. बरं वाटत होतं. जिना उतरेपर्यंत.

जिन्यात आठवलं. पळस्प्याचं होर्डिंग.


१८ जानेवारी, रविवार

ते लिहून काढते म्हणजे डोक्यात घोळणार नाही.

सा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी एका लग्नाला पेणला निघाले होते, एसटी पळस्प्याला वळली आणि खिडकीत सा. दिसली. चांगली दोन मजली उंच, जांभळी पैठणी, हात जोडलेले. साडीच्या दुकानाची जाहिरात. त्या महिन्यात ती रोज प्रॅक्टिकलला जात होती.

घरी येऊन विचारलं. शांतपणे म्हणाली, "मी कशी असेन? तिची नथ उजवीकडे आहे बघ. पदरही उजव्या खांद्यावर आहे. असं कोण नेसतं आपल्यात? माझ्यासारखी दिसणारी कोणीतरी असेल."

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पळस्प्याला जाऊन पाहिलं. नथ उजवीकडे. पदर उजवीकडे. मी मानलं.

मग दुकानात गेले, कारण मी अशीच आहे. मालक म्हणाला, "ताई, मुलगी तुमचीच. फोटो उलटा छापलाय. दुकान तिकडं, नि बाईचं तोंड इकडं, मग गिऱ्हाईक कुठं जाणार? तोंड दुकानाकडं पायजे."

सगळ्या पनवेलने उजव्या नाकपुडीतली नथ पाहिली आणि त्याची दुकानदारी चालली. त्याच फोटोवरून तिला दागिन्यांचं काम मिळालं, मग कुकरचं (घरात तिने कधी कुकर लावला नाही), मग मालिकेत नायिकेची नणंद, आणि आता हा सिनेमा. सगळं त्या उलट्या फोटोपासून सुरू झालं.

फोटो उलटा होतो. मग सिनेमाचा तुकडा उलटा होणार नाही का?


२० जानेवारी, मंगळवार

फोन. डुप्लिकेट कोण होती, विचारलं.

"एक मुलगी होती. नाव नाही विचारलं मी."

"तिला तुझ्यासारखाच तीळ?"

"अगं, मेकअपदादांनी काढला. पुढच्या सीनमध्ये माझी चोळी आहे ना मागून खोल, त्यात माझा दिसतो. मग जुळायला नको? हेअरड्रेसरने व्हॅनमध्ये माझ्या पाठीचा फोटो काढला होता, तो आरशातला निघाला. दादांनी तो बघून काढला, म्हणून उलट्या बाजूला गेला. कुणाच्या लक्षातच आलं नाही. तुझ्याशिवाय."

मी म्हटलं, हं.

"आई, तू माझा कंटेनर उघडायला घेऊ नकोस हं. प्लीज."

बोलणं पटण्यासारखं. घडूही शकतं. पण एका दमात, न अडखळता आलं. न्हावा शेवा बंदरात, कस्टम्समध्ये, मी सगळी नोकरी कंटेनरमधला माल तपासण्यात काढली. खरा माणूस अडखळतो, डोकं खाजवतो, बघून सांगतो म्हणतो. ज्याचं उत्तर तयार असतं त्याची पेटी आधी उघडायची. सील शाबूत असलं तरी मागून बिजागरी बघायची. दार तिथूनही काढता येतं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "ती पेटी आहे का?"


२३ जानेवारी, शुक्रवार

ट्रेलर थांबवून थांबवून पाहिलं. पाणी घालणाऱ्या बाईचं तोंड नाही, पदर नाही. तांब्याचं फक्त तोंड दिसतं आणि धार.

पण सिनेमात प्रसंग मोठा असणार. हात दिसेल. न्हाणाचं पाणी कोणी डाव्या हाताने घालत नाही. पडद्यावर तांब्या उजव्या हातात दिसला तर चित्र सरळ. म्हणजे ती पाठ दुसरीची, तीळ रंगवलेला, सा. खरी. डाव्या हातात दिसला तर चित्र उलटं केलंय. म्हणजे ती पाठ

पुढे लिहायची गरज नाही.

पाठ उघडी टाकली याचं मला काही नाही. हे ह्यांना पटत नाही, पण खरंच नाही. खोटं बोलली का, एवढंच हवंय.


२७ जानेवारी, मंगळवार

केतनला फोन केला. सा.चा मॅनेजर. वय बेताचं, बोलणं लोण्यासारखं.

"मॅम, त्या सीनबद्दल आम्ही बोलत नाही. प्रॉडक्शनचं तसं ठरलंय. बघणाऱ्याला ती नायिकाच वाटली पाहिजे ना."

"मी बघणारी नाही, आई आहे. तो तुकडा उलटा केलाय का?"

"एडिटमध्ये काय वाट्टेल ते करतात, मॅम. मला काही कल्पना नाही."

हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. दुपारी सा.चा फोन, आवाज चढलेला. "केतनला फोन केलास? माझ्या ऑफिसात चौकशी?" मी म्हटलं, चौकशी नाही, एक प्रश्न. "तुझा एक प्रश्न म्हणजे काय असतो ते मला विचार," म्हणाली.

मग ह्यांच्याशी अर्धा तास हसून बोलली. माझ्याकडे फोन आला नाही.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

सिनेमा लागला. पहिला खेळ. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, लग्नाला निघाल्यासारखा. वैद्य वहिनी आणि चौघी-पाचजणी मागच्या रांगेत.

सा. आली की हे माझा हात दाबत होते. मी वाट बघत होते. न्हाणाचा प्रसंग मध्यंतराच्या आधी आला. पाट, पाठ, हळदीचं पाणी. कॅमेरा हळूहळू वर जायला लागला, आता हात येणार. पुढच्या रांगेतल्या एका टोणग्याने मोबाइल वर धरला. शूटिंग! मी म्हटलं, "अहो, खाली करा तो!" त्याने वळून बघितलं. मी पडद्याकडे बघितलं तेव्हा वरात चालली होती.

ह्यांना विचारलं, हात कुठला होता? त्यांनी डोळे मिटले होते म्हणे. बाप.

बाकी सिनेमा. लिहायला हवं म्हणून लिहिते. शेवटी मिठागरात ती एकटी उभी राहते, फळी ओढता ओढता थांबते, आणि काही बोलत नाही. रडत नाही. फक्त हाताला लागलेलं मीठ झटकते. मला ते माहीत नव्हतं, की तिला असं काही येतं. कुकर हातात घेऊन हसणाऱ्या मुलीला. हे ढसाढसा रडले. मागे वहिनी गप्प होत्या.

बाहेर आल्याआल्या तिचा फोन. ह्यांनी माझ्या हातात दिला.

"आई? कसा वाटला?"

"ती पाणी घालणारी बाई, तिने तांब्या कुठल्या हातात धरला होता?"

तिकडून काही नाही. मला वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं. फोन ठेवलेला होता.


९ फेब्रुवारी, सोमवार

फोन उचलत नाही. ह्यांचा उचलते.

दुपारी एकटीच थेटरावर गेले. सा.चा खेळ काढलाय. त्या जागी हिंदी मारामारी. खिडकीतला माणूस म्हणाला, "मराठीला सोमवारी गर्दी नाही ताई. वाशीला एक खेळ आहे, सकाळचा." एवढी वर्षं घासून हिरॉइन झाली, तर पनवेलमध्ये सोमवार बघायला मिळाला नाही.

हिराबाई भांडी घासत होती. सा. तान्ही असताना हिनेच तिला न्हाऊ घातलंय. रविवारी नातवंडांना घेऊन सिनेमा बघून आली. म्हटलं, तू सांग. पाठ तिचीच होती?

"बाई, तुमी पिक्चर बघाया गेल्या का पाठ बघाया?"

"सांग ना."

"माना काय म्हाईत? आमी तर त्या मिठावाल्या सीनला रडलू. आमची सासू तशीच उभी रावायची मिठान. पोरीनं कुठं बघितलंन ते, काय म्हाईत." मग कढई उपडी घालत, "पाठ हाय, आनखी काय. सगल्यांना हाय."


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

यूट्यूबवर मुलाखत. विचारणारी पोरगी खिदळत, "तो सीन... तुम्हीच का?"

सा. म्हणाली, "ती माझ्या भूमिकेची पाठ आहे. तेवढं पुरे."

हे खूश. "काय उत्तर दिलं!"

"उत्तर नव्हे. टोलवाटोलवी."

हे कधी चिडत नाहीत. आज पेपर आपटला. "तुला हवंय काय? ती तीच निघाली तर काय करणारेस? आणि नाही निघाली, तर माफी मागशील?"

"मागेन."

"कुणाची मागितली आहेस आजवर?"

आठवून बघितलं. चहा गार झाला.


१६ फेब्रुवारी, सोमवार

सा.चा मेसेज. मला. तसाच उतरवून घेते.

"आई, सगळे पत्रकार पाठीबद्दलच विचारतात. एका पेपराने लिहिलं, मॉडेल ती मॉडेलच, पाठ बोलते, चेहरा बोलत नाही. मिठागराचा सीन मी स्वतः मागून घेतला होता. डायलॉग होते, मी काढायला लावले. दिग्दर्शक नको म्हणत होते. मला वाटलं निदान तू त्याबद्दल काहीतरी म्हणशील. तू तांब्या विचारलास."

उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, पुसलं. "सीन चांगला होता" असं लिहिलं. आता लिहिलं तर तिने मागितलं म्हणून दिल्यासारखं दिसेल. पुसलं.

तरी एक खटकतं. एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये "ती मी नव्हते" हे कुठेही नाही.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही. हे म्हणाले, तिला नवीन सिनेमा मिळतोय, हैदराबादला. त्या मिठाच्या प्रसंगावरून मिळाला म्हणे. त्यांना कळवलं, मला नाही.

वैद्य वहिनी जिन्यात. "सायली बऱ्याच दिवसांत आली नाही?" काम असतं, म्हटलं. "हो ना, आता काय, मोठी झाली," आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. ह्या बाईला तपासणीत घ्यायला हवं होतं.


४ मार्च, बुधवार

ह्यांच्या फोनवर सा.: पाडव्याला येते, एक रात्र राहीन, मग तीन-चार महिने हैदराबाद. खाली आणखी एक ओळ. हे ती लपवत होते. मी फोन घेतला.

"आईला सांगा, या वेळी तपासणी असेल तर मी स्टेशनवरूनच परत जाईन."

हे म्हणाले, "ती नुसतं म्हणत नाहीये."

मलाही तसंच वाटलं. माझीच मुलगी आहे.


१४ मार्च, शनिवार

सिनेमा आता घरच्या टीव्हीवर बघता येतो. ह्यांनी संध्याकाळी लावला. मी स्वयंपाकघरात राहिले. न्हाणाच्या गाण्याचा आवाज आला, हातातली पळी तशीच राहिली. गेले नाही. हे बाहेर असताना बघेन, थांबवून, सावकाश. तेव्हा मधे मोबाइल नको, वहिनी नकोत, कोणी नको.


१७ मार्च, मंगळवार

हे बँकेत गेले. टीव्ही लावला. पुढे ढकलायचं बटण सापडायला वेळ लागला. न्हाणाचा प्रसंग. पाट, पाठ, तीळ. कॅमेरा वर चालला आणि मी थांबवलं. जरा आधीच थांबलं. मनगटावर हिरव्या बांगड्या, पुढे तांब्याचा गळा, पण धुरकट. हात डावा की उजवा, अजून एक इंच वर गेला असता तर.

चष्मा पुसायला घेतला. पुसता पुसता डोकं चालू. उजवा निघाला तर मेकअपवाल्याने खरंच तीळ काढला का हे त्याला विचारावं लागेल. तो हो म्हणाला तर त्याला हो म्हणायला कोणी सांगितलं हे बघावं लागेल. डावा निघाला तर... ती पाणी घालणारी बाई डावखुरी असली तर? नोकरीत असं नव्हतं. तिथे पेटी उघडली की तळ दिसायचा.

करपल्याचा वास आला. डाळ. धावले. पातेलं घासायला टाकलं, दुसरी डाळ चढवली, कोशिंबीर केली. हे आले तेव्हा टीव्हीवर तो धुरकट तांब्या तसाच होता. त्यांनी बघितलं. मीच बंद केला.

परत लावला नाही. तत्त्व वगैरे काही नाही. पुन्हा तिथे जाऊन उभं राहावंसं वाटलं नाही, इतकंच.


१९ मार्च, गुरुवार, पाडवा

सा. काल संध्याकाळी आली. बारीक झालीये. ह्यांच्याशी भरपूर, माझ्याशी बेताचं. बॅग दाराशीच ठेवली, खोलीत नेली नाही. मी ते पाहिलं.

सकाळी तेल-उटणं. वाटलं नको म्हणेल. परकर छातीवर बांधून पाटावर येऊन बसली, लहानपणी बसायची तशी. "पाठ चोळून दे. माझा हात पोचत नाही."

चोळली. तीळ डावीकडे. आहे तिथेच आहे.

म्हटलं, "मिठागराचा प्रसंग फार चांगला केलास. हात झटकतेस ना, तो."

पाठ ताठ झाली. "हे आज का सांगतेस?"

"चांगला केलास म्हणून."

"दीड महिन्याने?"

उटणं लावत राहिले.

"बाबांनी टीव्हीवर लावला होता ना. तू थांबवून बघितलंस?"

"थांबवलं. बघितलं नाही."

"म्हणजे?"

"हात यायच्या आधी थांबलं. मग डाळ करपली. परत गेले नाही."

हसली. चांगलं हसू नव्हतं. "आई. तू? डाळ?"

"करपली. विचार बाबांना."

"बाबांना विचारू? साक्षीदार?" मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "कुठल्या हातात होता तांब्या?"

"मला माहीत नाही."

बघतच राहिली. ते बघणं मी ओळखते, नोकरीत मीच तसं बघायचे. समोरचा सांगत असतो, मॅडम, आत तेच आहे जे लिहिलंय. आणि तो खरं बोलत असला तरी त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. माझ्याकडेही नव्हतं. पातेलं हिराबाईने लख्ख घासून ठेवलंय.

"खरंच नाही बघितलंस?"

"नाही."

विश्वास बसला असं म्हणता येणार नाही. बसला नाही, असंही तोंडाने म्हणाली नाही. गुडघे जवळ घेतले आणि पाठ पुन्हा माझ्याकडे केली.

"पाणी घाल. गार होतंय."

बाहेर हे गुढीची काठी पुसत होते. बॅग अजून दाराशीच होती.

मी तांब्या भरला आणि तिच्या पाठीवर पाणी घातलं. उजव्या हाताने.